ऑगस्टाचा शिल्पकार : बॉबी जोन्स

दरवर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहराकडे साऱ्या गोल्फविश्वाचे डोळे लागतात. गोल्फमधील चार प्रमुख स्पर्धांपैकी मास्टर्स ही स्पर्धा येथील ऑगस्टा नॅशनल क्लबच्या मैदानावर होते. इतर प्रमुख स्पर्धांची मैदाने दरवर्षी बदलतात. मास्टर्सचे मैदान १९३४ पासून बदललेले नाही. स्पर्धेचा आठवडा संपला की हे मैदान पुन्हा मोजक्या सदस्यांचे होते. या क्लबच्या सदस्यत्वासाठी अर्ज करता येत नाही, निमंत्रणाची वाट पाहावी लागते. सदस्यांची यादी प्रसिद्ध केली जात नाही आणि सदस्याच्या सोबतीविना बाहेरच्या माणसाला तेथे खेळता येत नाही.

असे हे कडेकोट खासगी मैदान ज्यांच्या कल्पनेतून साकारले, ते रॉबर्ट टायर जोन्स ऊर्फ बॉबी जोन्स यांचे सर्वांत आवडते मैदान मात्र खासगी नव्हते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ओल्ड कोर्स हे ते मैदान. ते गावाच्या मालकीचे आहे. रविवारी तेथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी त्याच हिरवळीवर फिरायला येतात. गावाच्या मैदानावरून धडा घेतलेल्या माणसाने बंद दाराआडचे मैदान उभारले, यातच जोन्स यांच्या आयुष्याचे मोठेपण आणि त्याची मर्यादा या दोन्हींचे मूळ सापडते.

बॉबी जोन्स यांचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अटलांटा शहरात झाला. वडील वकील होते. बॉबी लहानपणी अत्यंत अशक्त होता. पहिली काही वर्षे त्याला घन अन्न पचत नसे. मुलाला मोकळी हवा मिळावी म्हणून कुटुंब शहराबाहेरच्या ईस्ट लेक येथे राहू लागले. घराशेजारीच गोल्फचे मैदान होते. तेथील प्रशिक्षक स्टुअर्ट मेडन हे स्कॉटलंडमधील कार्नूस्टी गावचे. बॉबीने त्यांच्याकडे रीतसर शिकवणी घेतली नाही. तो त्यांच्या मागे मागे हिंडे, त्यांचे फटके न्याहाळी आणि घरी येऊन तसेच मारून पाही. पुढे जगाने ज्याची वाखाणणी केली तो त्यांचा लयबद्ध फटका असा नकलेतून घडला.

वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, १९१६ मध्ये, मेरियन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत त्यांनी उपान्त्यपूर्व फेरी गाठली. वृत्तपत्रांनी या मुलाला डोक्यावर घेतले. पण त्यानंतरची सात वर्षे त्यांना एकही मोठे विजेतेपद मिळाले नाही. कौशल्यात कमतरता नव्हती, कमी पडत होता तो संयम. फटका चुकला की ते स्टिक भिरकावून देत. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर त्यांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला. काही केल्या तो बाहेर निघेना. अखेर त्यांनी चेंडू उचलला आणि स्पर्धा अर्धवट सोडली. त्याच वर्षी अमेरिकेत त्यांनी रागाने फेकलेली स्टिक एका प्रेक्षक महिलेच्या पायाला लागली आणि राष्ट्रीय संघटनेने त्यांना सक्त ताकीद दिली.

या दोन प्रसंगांनी जोन्स यांना खडबडून जागे केले. प्रतिस्पर्ध्यापेक्षा स्वतःला जिंकणे अवघड, हे त्यांनी वयाच्या विशीत ओळखले आणि जाणीवपूर्वक स्वभाव बदलला. ज्या मैदानाने त्यांना खाली पाहायला लावले होते त्या सेंट अँड्र्यूजवर त्यांनी पुढे जीव लावला. प्रथमदर्शनी ते मैदान त्यांना ओबडधोबड वाटले होते. परंतु तेथे प्रत्येक होलकडे जाण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत, वारा फिरला की योग्य मार्गही बदलतो आणि बळापेक्षा विचार करणाऱ्याला ते मैदान साथ देते, हे त्यांना हळूहळू उमगत गेले.

१९२३ मध्ये इनवूड येथे अमेरिकन ओपन जिंकून त्यांनी विजेतेपदांचे खाते उघडले. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी चार अमेरिकन ओपन, तीन ब्रिटिश ओपन, पाच अमेरिकन हौशी आणि एक ब्रिटिश हौशी अशी तेरा विजेतेपदे मिळवली. विशेष म्हणजे या काळात ते पूर्णवेळ खेळाडू कधीच नव्हते. जॉर्जिया टेकमधून यंत्र अभियांत्रिकीची, तर हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची पदवी त्यांनी घेतली. त्यानंतर कायद्याचा अभ्यास करून ते वडिलांबरोबर वकिली करू लागले. १९२४ मध्ये मेरी मलोन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि संसारात तीन मुले आली. खेळावर त्यांनी बक्षिसाचा एक डॉलरही घेतला नाही. धंदेवाईक खेळाडूंना हरवूनही ते अखेरपर्यंत हौशी राहिले.

त्यांच्या विजयांपेक्षाही एक पराभव आजतागायत सांगितला जातो. १९२५ ची अमेरिकन ओपन स्पर्धा वूस्टर येथे सुरू होती. पहिल्या फेरीत अकराव्या होलजवळ उंच गवतातून फटका मारण्यासाठी जोन्स उभे राहिले आणि त्यांना वाटले की आपल्या स्टिकच्या स्पर्शाने चेंडू किंचित हलला. नियमानुसार त्याला एका फटक्याचा दंड होता. जवळ उभ्या असलेल्या कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. अधिकाऱ्यांनी चौकशी केली, साक्षीदार सापडला नाही, तेव्हा निर्णय जोन्स यांच्यावरच सोपवण्यात आला. त्यांनी स्वतःच्या नावावर एक फटका वाढवून घेतला. स्पर्धेअखेर विली मॅकफार्लेन आणि जोन्स बरोबरीत राहिले. बरोबरी सोडवण्यासाठी खेळलेली अठरा होलची फेरीही बरोबरीत सुटली आणि दुसऱ्या फेरीत जोन्स एका फटक्याने हरले. तो दंड त्यांनी घेतला नसता तर बरोबरीची वेळच आली नसती. या प्रामाणिकपणाचे कौतुक झाले तेव्हा ते त्यांना रुचले नाही. नियम पाळणे हे त्यांच्या लेखी कौतुकाचे कामच नव्हते.

१९३० हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीचा कळस ठरले. मे महिन्यात त्यांनी सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली. जूनमध्ये हॉयलेक येथे ब्रिटिश ओपन, जुलैमध्ये मिनेसोटातील इंटरलाकन येथे अमेरिकन ओपन आणि सप्टेंबरमध्ये मेरियन येथे अमेरिकन हौशी स्पर्धा अशी चारही विजेतेपदे त्यांनी एकाच वर्षात पटकावली. चौदा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर मुलगा म्हणून त्यांनी पदार्पण केले होते, तेथेच हे वर्तुळ पूर्ण झाले. त्या वर्षी त्या चार स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम त्यांच्यानंतर कोणीही करू शकलेले नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरून १९२६ प्रमाणेच १९३० मध्येही त्यांची मिरवणूक निघाली. आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती जाहीर केली.

या निर्णयाने अनेकांना धक्का बसला. पण स्पर्धेचा ताण जोन्स यांना असह्य होत असे. सामन्यांच्या दिवसांत त्यांना अन्न जात नसे आणि एकेका स्पर्धेत त्यांचे वजन काही किलोंनी घटत असे. गर्दीपासून दूर, मित्रांसमवेत निवांत खेळता येईल असे एक मैदान असावे, ही इच्छा त्यांच्या मनात होती. ऑगस्टा नॅशनलचा जन्म या इच्छेतून झाला.

न्यूयॉर्कमधील गुंतवणूक व्यावसायिक क्लिफर्ड रॉबर्ट्स हे जोन्स यांचे स्नेही. हिवाळ्यातही सौम्य हवा असलेल्या ऑगस्टा येथे जागा शोधायचे ठरले. तेथे फ्रूटलँड नर्सरी नावाची सुमारे ३६५ एकरांची जुनी रोपवाटिका विक्रीस होती. मूळच्या बेल्जियमच्या बर्कमन्स कुटुंबाने १८५७ पासून येथे फळझाडे आणि फुलझाडे वाढवली होती. दक्षिण अमेरिकी राज्यांत अझेलिया या फुलझाडाचा प्रसार होण्यात या रोपवाटिकेचा मोठा वाटा मानला जातो. प्रवेशरस्त्याच्या दुतर्फा मॅग्नोलियाची झाडे होती आणि त्या रस्त्याच्या टोकाला १८५४ मध्ये बांधलेले घर होते. उतारावर झाडांमधून पसरलेली ती जमीन पाहताच जोन्स यांनी मनोमन ती निवडली. १९३१ मध्ये सुमारे ७० हजार डॉलरना व्यवहार झाला. ते जुने घर पुढे क्लबहाऊस झाले.

मैदानाच्या आखणीसाठी जोन्स यांनी डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी यांना निवडले. यॉर्कशरमध्ये जन्मलेले मॅकेन्झी हे पेशाने डॉक्टर. युद्धकाळात त्यांनी लष्करासाठी छद्मावरणाचा, म्हणजे मोर्चे निसर्गात बेमालूम दडवण्याच्या तंत्राचा अभ्यास केला होता आणि तीच नजर त्यांनी मैदानांच्या आखणीत वापरली. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे जोन्स पहिल्याच फेरीत हरले होते. हाती आलेल्या मोकळ्या दिवसांत त्यांनी मॅकेन्झींनी आखलेले सायप्रस पॉइंटचे मैदान पाहिले आणि ते प्रभावित झाले. सेंट अँड्र्यूजवरील प्रेम हा दोघांमधला समान धागा होता.

त्या काळी अनेक नामवंत मैदाने शिक्षा देण्याच्या हेतूने आखली जात. वाळूचे शेकडो खड्डे, अरुंद मार्ग, कडेला गुडघाभर गवत असा त्यांचा थाट असे. जोन्स आणि मॅकेन्झी यांनी नेमके उलटे केले. ऑगस्टाचे फेअरवे, म्हणजे होलकडे नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, त्यांनी ऐसपैस ठेवले. उंच गवत जवळपास ठेवलेच नाही. वाळूचे खड्डे सुरुवातीला जेमतेम बावीस होते. सामान्य वकुबाच्या खेळाडूलाही चेंडू न हरवता फेरी पुरी करता यावी, पण ज्याला कमी फटक्यांत होल गाठायचे आहे त्याला पहिल्या फटक्यापासून विचार करावा लागावा, हे त्यामागचे सूत्र होते. चेंडू कुठूनही ग्रीनवर पोहोचवता येतो; परंतु ग्रीनच्या चढउतारांमुळे चुकीच्या बाजूने आलेल्याला शेवटच्या काही फुटांत त्याची किंमत मोजावी लागते. बांधकाम सुरू असताना जोन्स यांनी स्वतः असंख्य फटके मारून अंतरे आणि कोन तपासले. प्रत्येक होलला तेथील झाडाचे वा फुलझाडाचे नाव देण्यात आले. रोपवाटिकेची स्मृती अशा रीतीने मैदानात टिकून राहिली.

१९३२ मध्ये काम पूर्ण झाले आणि जानेवारी १९३३ मध्ये औपचारिक उद्घाटन झाले. पण तो महामंदीचा काळ होता. संस्थापकांनी मोठ्या सदस्यसंख्येची स्वप्ने पाहिली होती. प्रत्यक्षात पहिल्या स्पर्धेपर्यंत सदस्यांची संख्या शंभरच्या आतच राहिली. देणेकऱ्यांचा तगादा सुरू झाला. मॅकेन्झी यांनाही ठरलेले मानधन पूर्ण मिळाले नाही आणि ६ जानेवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या या निर्मितीवर झालेली एकही स्पर्धा त्यांना पाहता आली नाही.

अमेरिकन ओपनचे यजमानपद मिळवण्याचा क्लबचा प्रयत्न फळाला आला नाही. ती स्पर्धा उन्हाळ्यात होते आणि ऑगस्टाचा उन्हाळा खेळास अनुकूल नाही. तेव्हा स्वतःचीच निमंत्रितांची स्पर्धा भरवण्याचे ठरले. रॉबर्ट्स यांनी मास्टर्स हे नाव सुचवले. जोन्स यांना ते आत्मप्रौढीचे वाटले आणि १९३९ पर्यंत अधिकृतपणे वेगळेच नाव वापरले गेले. स्पर्धेकडे लोकांचे लक्ष वेधण्यासाठी त्यांनी स्वतः खेळणे आवश्यक होते. मार्च १९३४ मध्ये निवृत्त जोन्स पुन्हा स्पर्धेत उतरले. ते संयुक्त तेरावे आले, विजेते ठरले हॉर्टन स्मिथ. पण जोन्स खेळणार या बातमीनेच प्रेक्षक आणि पत्रकार ऑगस्टाला आले. पुढच्याच वर्षी जीन साराझेन यांनी पंधराव्या होलवर दूरवरून मारलेला दुसराच फटका थेट होलमध्ये गेला. या एका फटक्याने स्पर्धेचे नाव सर्वतोमुखी झाले. निवांतपणासाठी बांधलेले मैदान अशा प्रकारे गर्दीमुळे तगले.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून स्पर्धा थांबली. मैदानावर गुरे आणि टर्की पाळण्यात आली. गुरांनी गवताबरोबर अझेलियाची झुडपेही फस्त केली. वयाची चाळिशी गाठलेल्या जोन्स यांना लष्करात न जाण्याची मुभा होती, तरीही ते हवाई दलात गुप्तवार्ता अधिकारी म्हणून दाखल झाले आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरले.

युद्धानंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाली. जोन्स यांचे शरीर मात्र साथ सोडू लागले. १९४८ च्या मास्टर्समध्ये ते शेवटचे खेळले. त्याच वर्षी पाठीवर पहिली आणि १९५० मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. उतार पडला नाही. अखेर १९५६ मध्ये सिरिंगोमायलिया या आजाराचे निदान झाले. या दुर्मीळ विकारात मज्जारज्जूमध्ये द्रवाने भरलेली पोकळी तयार होते, स्नायू क्षीण होतात आणि संवेदना नष्ट होत जातात. आधी काठी, मग कुबड्या, मग चाकाची खुर्ची असा त्यांचा प्रवास झाला. ज्या हातांच्या लयीचे जगाने कौतुक केले, त्या हातांना पुढे सही करण्यासाठी लेखणी धरणेही जड जाऊ लागले. त्यांनी या दुखण्याचे भांडवल कधी केले नाही.

ऑक्टोबर १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूजने त्यांना नगराचे मानाचे नागरिकत्व दिले. १७५९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांना हा सन्मान मिळाला होता. त्यानंतर तो मिळवणारे जोन्स हे पहिलेच अमेरिकन. काठीच्या आधाराने उभे राहून त्यांनी उत्तराचे भाषण केले. समारंभ संपवून ते निघाले तेव्हा सभागृहातील लोकांनी, दूर जाणाऱ्या आप्ताला पुन्हा येण्याची विनवणी करणारे जुने स्कॉटिश गीत गायिले. १९२१ मध्ये खेळ अर्धवट टाकून गेलेल्या तरुणाला त्या गावाने आपलेसे केले होते.

ऑगस्टाच्या दाराचा इतिहास मात्र इतका उमदा नाही. अनेक दशके या क्लबचे सर्व सदस्य गोरे पुरुष होते. मास्टर्समध्ये खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी क्लबचे असत आणि ते सर्व कृष्णवर्णीय असत. १९८३ पर्यंत ही पद्धत टिकली. अमेरिकेच्या धंदेवाईक गोल्फ संघटनेने १९६१ मध्ये केवळ गोऱ्यांसाठीचे कलम रद्द केले. त्यानंतर कृष्णवर्णीय खेळाडू चार्ली सिफर्ड यांनी १९६७ आणि १९६९ मध्ये त्या मालिकेतील स्पर्धा जिंकल्या, तरीही ऑगस्टाचे निमंत्रण त्यांना कधीच आले नाही. क्लबचा बचाव पात्रतेच्या नियमांवर बोट ठेवण्याचा होता. पण ते नियम क्लबनेच केलेले होते. क्लबचा दैनंदिन कारभार रॉबर्ट्स यांच्या हाती होता आणि जोन्स आजारी होते, हे खरे. तरीसुद्धा ते क्लबचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या शब्दाला गोल्फविश्वात जे वजन होते ते दुसऱ्या कोणाच्याही शब्दाला नव्हते. कोणालाही न दिसलेल्या चुकीचा दंड स्वतःहून घेणाऱ्या या माणसाने, सर्वांना दिसणाऱ्या या अन्यायाविरुद्ध आपले वजन वापरले नाही. ते ज्या काळात आणि ज्या दक्षिणेत वाढले तिच्या चौकटीबाहेर ते या एका बाबतीत गेले नाहीत. त्यांच्या चरित्रातील ही उणीव त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही.

१९६७ मध्ये जोन्स यांनी प्रेक्षकांच्या वर्तनाविषयी एक छोटे टिपण लिहिले. खेळाडूच्या चुकीवर टाळ्या वाजवणे त्यांनी असभ्य ठरवले होते. हे टिपण मास्टर्सच्या प्रेक्षकांसाठीच्या पुस्तिकेत पुढेही छापले जात राहिले. १९६८ नंतर प्रकृतीमुळे त्यांना स्पर्धेला येता आले नाही. १८ डिसेंबर १९७१ रोजी अटलांटा येथे त्यांचे निधन झाले. बातमी पोहोचताच सेंट अँड्र्यूजवर खेळ थांबला आणि ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आला. ओल्ड कोर्सच्या दहाव्या होलला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ऑगस्टा नॅशनलने त्यांना कायमचे अध्यक्षपद बहाल केले.

बंद दार त्यांच्यामागे हळूहळू किलकिले होत गेले. एप्रिल १९७५ मध्ये ली एल्डर हे मास्टर्स खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. १९९० मध्ये रॉन टाऊनसेंड हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. महिलांना त्यासाठी २०१२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर यांना सदस्यत्व मिळाले. २०१९ पासून हौशी महिला खेळाडूंच्या स्पर्धेची अंतिम फेरी या मैदानावर होऊ लागली. भारतातर्फे जीव मिल्खासिंग यांनी २००७ मध्ये प्रथम मास्टर्समध्ये भाग घेतला, तर पुण्यात जन्मलेले अनिर्बन लाहिरी २०१५ मध्ये येथे खेळले.

मैदानही बदलले आहे. नव्या स्टिक आणि चेंडूंमुळे फटके लांबले, म्हणून होल लांबवण्यात आले, झाडे वाढवण्यात आली, वाळूचे खड्डे वाढले, मूळचा ऐसपैसपणा थोडा आक्रसला. तरीही विचार करणाऱ्याला साथ देण्याचा त्याचा स्वभाव कायम आहे. तेराव्या वा पंधराव्या होलवर पाण्यापलीकडचे ग्रीन दुसऱ्याच फटक्यात गाठावे की चेंडू अलीकडे थांबवावा, हा जोन्स आणि मॅकेन्झी यांनी घातलेला पेच आजही खेळाडूंना पडतो आणि रविवारच्या अखेरच्या फेरीत विजेतेपदे त्यावरच फिरतात.

अटलांटातील ओकलंड या सार्वजनिक दफनभूमीत जोन्स चिरनिद्रा घेत आहेत. तेथे येणारे गोल्फप्रेमी त्यांच्या साध्या समाधीवर गोल्फचे चेंडू ठेवून जातात. त्यासाठी कोणाच्या निमंत्रणाची गरज लागत नाही.